बांज

बांज : (हिमाचलात ‘बान’). पश्चिम हिमालयाच्या मधल्या उंचीवरचा सर्वांत परिचित सदापर्णी ओक वृक्ष. कुल फॅगेसी (वंजु कुल), प्रजाति क्वेर्कस. पाकिस्तानपासून हिमाचल प्रदेश व उत्तराखंडमधून नेपाळपर्यंत, साधारणपणे १,२०० ते २,३०० मी. उंचीच्या पट्ट्यात आढळतो. मसुरी व नैनितालच्या आसपासच्या जुन्या जंगलांत त्याचेच प्राबल्य असते. सह्याद्रीत किंवा दख्खनच्या पठारावर ओकची एकही जाती निसर्गतः उगवत नाही. आपल्याकडे लावला जाणारा सिल्व्हर ओक मूळचा ऑस्ट्रेलियाचा आणि निराळ्या कुलातला. बाळगुटीतल्या मायफळाचा ओकशी संबंध खरा आहे. पण तेही फळ नव्हे, तर पश्चिम आशियातील क्वेर्कस इन्फेक्टोरिया या जातीच्या फांदीवर कीटकामुळे आलेली गाठ.

बांज ओळखायचा तर पान उलटून पाहावे. वरची बाजू गर्द हिरवी व गुळगुळीत, खालची पांढुरक्या लवेने भरलेली. पान भाल्याच्या आकाराचे, टोकदार, सुमारे ६ ते १५ सेंमी. लांब, कडा करवतीसारखी दातेरी. वारा सुटला की सगळा उतार हिरव्याचा रुपेरी होतो. वसंतात येणारी कोवळी पालवी गुलाबी-जांभळट असते. जुनी पानेही त्याच सुमारास गळतात, त्यामुळे झाड उघडे पडत नाही. पुं-पुष्पांची लोंबती कणिशे (नतकणिशे) एप्रिल-मेमध्ये दिसतात. फळ कपाली (कठीण कवचाचे, न फुटणारे) प्रकारचे असून खवल्यांच्या पेल्यात अर्धेअधिक बसलेले असते. ते दुसऱ्या वर्षी पिकते.

शेजारच्या जातींशी घोटाळा होतो तो पानाच्या पाठीकडे लक्ष न दिल्याने. मोरू किंवा तिलोंज (क्वेर्कस फ्लोरिबंडा) याची पाने दोन्ही बाजूंनी जवळजवळ गुळगुळीत असतात. रियांजची (क्वेर्कस लॅनाटा) लव जाड, लोकरीसारखी असते. फलियांट (क्वेर्कस ग्लॉका) खालच्या, ओलसर घळींत भेटतो व त्याच्या पेल्यावर खवल्यांऐवजी गोल कडी असतात. खरसू (क्वेर्कस सेमेकार्पिफोलिया) बराच वर, २,४०० मी.पलीकडे.

शास्त्रीय नावाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. विल्यम रॉक्सबर्गने या वृक्षाला क्वेर्कस इन्काना म्हटले. ‘इन्काना’ म्हणजे पांढुरका, पिकल्या केसांसारखा. रॉक्सबर्गचे वर्णन त्याच्या मृत्यूनंतर, १८३२ मध्ये छापले गेले. पण विल्यम बार्ट्रमने हेच नाव १७९१ मध्ये एका अमेरिकन ओकला दिलेले होते. नामकरणाच्या नियमानुसार एकच नाव दोन जातींना चालत नाही, म्हणून फ्रेंच वनस्पतिविज्ञ एमे कामू यांनी १९३५ च्या सुमारास क्वेर्कस ल्यूकोट्रायकोफोरा हे नाव दिले. त्याचा अर्थ ‘पांढरी लव धारण करणारा’. अलीकडच्या काही सूची मात्र डेव्हिड डॉनने १८२५ मध्ये नेपाळच्या वनस्पतींत नोंदवलेले क्वेर्कस ऑब्लाँगेटा हे नाव जुने म्हणून ग्राह्य धरतात. अग्रक्रमाचा मुद्दा दुर्लक्षिण्याजोगा नाही. तरी भारतीय वनशास्त्रीय लेखनात कामूंचेच नाव रुळलेले असून ओळखीची खूणही तेच सांगते. येथेही तेच स्वीकारले आहे. जुन्या वनविषयक ग्रंथांत ‘इन्काना’ आढळल्यास तो बहुधा बांजच समजावा.

लाकूड कठीण व जड. पण वाळताना तडकते, पिळते, म्हणून इमारतीसाठी फारसे घेत नाहीत. नांगराचे भाग, कुऱ्हाडीचे दांडे, सरपण आणि कोळसा यांसाठी ते उत्तम. हिवाळ्यात गवत संपले की गुरांची भिस्त बांजाच्या पाल्यावर असते. गळलेली पाने गोठ्यात अंथरतात, शेणमुताने भिजू देतात आणि पुढे तेच खत पायऱ्यापायऱ्यांच्या शेतात जाते. डोंगरातली शेती या पानांवर उभी आहे, हे म्हणणे अतिशयोक्तीचे नाही. अँथेरिया प्रॉयली या संकरित रेशीमकिड्याला ओकचा पाला देऊन ओक-टसर रेशीम काढतात. उत्तराखंडात त्यासाठी बांज वापरतात.

बांज पाणी ‘आणतो’ ही गढवाल-कुमाऊँतील दृढ समजूत. झाड पाणी निर्माण करत नाही आणि झऱ्याचे भवितव्य खडकाच्या रचनेवरही ठरते. मात्र बांजाखालचा पानांचा कुजलेला थर पाऊस शोषून जमिनीत मुरवतो, चीडच्या (हिमालयातल्या पाइन वृक्षाच्या) निसरड्या, सुईसारख्या पानांखाली तसे घडत नाही. समजुतीचा गाभा त्यामुळे खरा मानावा लागतो. ब्रिटिश काळात राळ आणि रेल्वेच्या स्लीपरसाठी चीडला झुकते माप मिळाले. कुमाऊँत १९२१ मध्ये लोकांनी सरकारी जंगले पेटवली, तेव्हा जळाली ती मुख्यतः चीडची. गढवालमधल्या भिलंगना नदीच्या खोऱ्यात राहिलेल्या, गांधीजींच्या शिष्या मीराबेन यांनी १९५० नंतरच्या काही वर्षांत बांज हटून चीड पसरत असल्याचा इशारा दिला होता.

वारंवार छाटलेला बांज खांबासारखा उभा राहतो, शेंड्याला पानांचा झुबका तेवढा उरतो. अशा झाडांना फळे कमी धरतात. जी धरतात त्यांतली बरीच वानरे व अस्वले खातात, आणि उगवलेली रोपे गुरांच्या तोंडी जातात.