रस्सा गार, डोकं गरम

रविवारचे अडीच वाजलेत. तांबडा रस्सा दोनदा गरम करून झालाय आणि 'पाचच मिनिटं' म्हणून कट्ट्यावर गेलेले गृहस्थ आत्ता उंबऱ्यात उगवलेत.

"तुम्हाला घराची पडलीच नाही कधी!"

"आलो की! लगेच सुरू झालं तुझं."

पुढची दहा मिनिटं रश्श्याचा विषयच नाही. मागच्या दिवाळीपासूनची थकबाकी निघते.

जॉन गॉटमन आणि रॉबर्ट लेव्हन्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी जोडप्यांच्या अंगाला नाडी आणि घाम मोजणारी यंत्रं लावून त्यांना घरच्याच वादावर बोलायला बसवलं. वाद तापला की काहींचे ठोके मिनिटाला 100 च्या वर जायचे, तेही खुर्चीत बसल्याबसल्या! ॲड्रेनलिन सुटतं, शरीर शड्डू ठोकून तयार होतं. मग समोरच्याचं बोलणं कानावर पडतं, डोक्यात शिरत नाही. गॉटमन यांनी एका प्रयोगात यंत्राचं निमित्त सांगून भांडण मध्येच थांबवलं आणि जोडप्यांना अर्धा तास मासिकं चाळायला दिली. पुन्हा बोलायला बसली तेव्हा ठोके उतरलेले, आवाजही उतरलेले.

म्हणून ते किमान 20 मिनिटं थांबायला सांगतात. आपल्याकडे कोल्हापुरात त्यासाठी रंकाळा तलाव आहेच. पण पाण्याकडेनं चालताना "घरी गेल्यावर बघतोच" अशी उजळणी चालू असेल तर फेरी फुकट. आणि दार आपटून निघून जाणं म्हणजे थांबणं नव्हे. "अर्ध्या तासात येतो, मग बोलू" एवढं सांगून जावं.

परतल्यावर बोलायचं कसं? मार्शल रोझेनबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1960 च्या दशकात अहिंसक संवादाची पद्धत मांडायला सुरुवात केली. काय घडलं, काय वाटलं, काय हवंय आणि शेवटी विनंती, असा तिचा क्रम. पुस्तकी वाटतो, पाठ करून म्हटला तर हास्यास्पदही. शिवाय "मला वाटतं तुम्ही बेजबाबदार आहात" ही भावना नव्हे, आरोपच आहे. भावनेला नेमका शब्द देण्याचा मात्र उपयोग होतो. 2007 मध्ये मेंदूचे अभ्यासक मॅथ्यू लिबरमन यांच्या प्रयोगात फोटोतला चेहरा चिडलाय की घाबरलाय, हे शब्दांत ओळखताना मेंदूतल्या अमिग्डलाची, म्हणजे धोक्याच्या घंटेची, हालचाल मंदावली. फोटोपासून स्वयंपाकघरापर्यंतची उडी मोठी आहे, पण दिशा तीच.

हे सगळं दोघंही निर्धास्त असतील तरच. जिथं हात उगारला जातो, जिथं बोलायचीच भीती वाटते, तिथं गोड शब्द शोधत बसू नये. 112 किंवा महिलांसाठीच्या 181 वर फोन करावा. 2005 चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदाही आहे.

आपल्या उंबऱ्यात तसं काही नाही. तिथं आता एवढंच ऐकू येतंय:

"एकला येतो म्हणालात, अडीच वाजले. मी उपाशी थांबलो." (कोल्हापूरची बाई स्वतःला 'थांबलो'च म्हणणार.) "एकट्यानं जेवायला कसंसंच होतं. पुढच्या वेळी उशीर होणार असंल तर फोन कराल का?"

"व्हय, चुकलं. करायला पायजे होता."

रस्सा तिसऱ्यांदा गॅसवर चढला.