किल्लीची लांबी आणि ५६ बिटांचं भांडण

सांगलीत रेशन दुकानात ई-पॉस मशीनवर अंगठा टेकला की ठसा जुळला की नाही ते काही सेकंदांत कळतं. रेंज गेली तर रांग खोळंबते. हळदीच्या कामात बोटं झिजलेल्या बायकांना अंगठा पुसून पुन्हा पुन्हा लावावा लागतो. या कटकटीवर रांगेत भरपूर बोललं जातं. मधल्या सेकंदांत घडतं ते असं: त्या व्यवहारापुरती एक नवी किल्ली, म्हणजे बिटांची (० किंवा १ या अंकांची) गुप्त माळ, तयार होते, तिच्या जोरावर ठशाची माहिती एईएस-२५६ (२५६ बिटांच्या किल्लीची एईएस) या सांकेतिक पद्धतीने कुलूपबंद होते, आणि ती किल्ली आधार प्राधिकरणाच्या २०४८ बिटांच्या सार्वजनिक किल्लीत (हिने कुलूप कुणीही लावावं, उघडणार फक्त प्राधिकरण) गुंडाळून माहितीसोबतच रवाना होते.

एईएस कशी चालते हे कुणीही वाचू शकतं. त्यात लपवाछपवी काहीच नाही. भाषातज्ज्ञ ऑगस्ट केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्येच लिहून ठेवलं होतं की पद्धत शत्रूच्या हाती लागली तरी बिघडता कामा नये, गुपित काय ते किल्लीत असावं. आपली करपल्लवी याच्या नेमकी उलटी. खुणा कळल्या की सगळंच कळलं. पुढे १९४९ मध्ये गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी चांगल्या सांकेतिक पद्धतीच्या दोन कसोट्या सांगितल्या. किल्ली आणि सांकेतिक मजकूर यांचं नातं उकलू नये, आणि मूळ मजकुरातल्या प्रत्येक बिटाचा परिणाम दूरवर पसरावा.

खरी वादावादी झाली ती एईएसच्या आधीच्या अमेरिकी प्रमाण पद्धतीवरून, डीईएसवरून. आयबीएममध्ये हॉर्स्ट फाइस्टेल यांच्या कामातून 'ल्युसिफर' ही सांकेतिक पद्धत आली. अमेरिकी सरकारने १९७३ मध्ये प्रस्ताव मागवले, आणि ल्युसिफरवरून बेतलेली डीईएस १९७७ मध्ये प्रमाण ठरली. या प्रवासात १२८ बिटांची किल्ली ५६ वर आली आणि आतले अदलाबदलीचे तक्तेही बदलले. दोन्हींमागे एनएसए या गुप्तहेर संस्थेचा हात होता, त्यामुळे संशय पिकला. व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी तेव्हाच हिशेब मांडला होता की दोन कोटी डॉलरच्या यंत्राने ही किल्ली दिवसभरात सापडेल. (समोरच्याशी आधी काहीही न ठरवता उघड्या वाटेवर किल्ली कशी ठरवावी, याचा मार्ग १९७६ मध्ये दाखवणारेही हेच दोघे.)

गंमत म्हणजे तक्त्यांबाबतचा संशय फोल निघाला. १९९० च्या सुमारास एली बिहाम आणि आदी शामीर यांनी हल्ल्याची एक नवी रीत जगापुढे मांडली, तर डीईएस तिला बऱ्यापैकी पुरून उरली. ही रीत आयबीएमला १९७४ मध्येच ठाऊक होती आणि तक्ते तिच्याविरुद्धच घडवले होते, हे डॉन कॉपरस्मिथ यांनी १९९४ मध्ये उघड केलं. किल्लीबाबत मात्र ओरडणारेच खरे ठरले. ५६ बिटांच्या सुमारे ७.२ कोटी अब्ज किल्ल्या होतात. १९९८ मध्ये अडीच लाख डॉलरपेक्षा कमी खर्चाच्या यंत्राने योग्य किल्ली ५६ तासांत शोधली. माझ्या मते इतकी वर्षं ती बँकांच्या गळ्यात राहिली ती निव्वळ सवयीने.

पुढच्या वेळी अमेरिकेने शहाणपणा केला. १९९७ मध्ये खुली स्पर्धा जाहीर केली, १५ पद्धती जगभरच्या तज्ज्ञांपुढे फोडायला ठेवल्या, आणि २००० मध्ये योआन डेमेन व विन्सेंट रायमेन या बेल्जियन जोडीची राइनडाल निवडली. २००१ मध्ये तीच एईएस झाली.

एईएस एका वेळी १६ बाइटांचा (बाइट म्हणजे ८ बिट) ठोकळा घेते. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट खातं. 'मिरज' म्हणजे काना-मात्रा धरून चार चिन्हं, १२ बाइट. उरलेले ४ भरतीचे. 'सांगली'ची सहा चिन्हं, १८ बाइट, म्हणून ती दुसऱ्या ठोकळ्यात सांडते. मग प्रत्येक बाइट तक्त्यातून बदलायचा, चौकटीत मांडलेल्या बाइटांच्या ओळी सरकवायच्या, स्तंभ घुसळायचे, किल्लीचा तुकडा मिसळायचा. २५६ बिटांच्या किल्लीला अशा १४ फेऱ्या. शेवटच्या फेरीत फक्त स्तंभ घुसळणं नसतं. मूळ मजकुरात एक बिट बदला, बाहेर सरासरी निम्मे बिट बदलतात.

तरीही गाव-यादीत 'मिरज' शंभरदा आलं आणि प्रत्येक ठोकळा सुटा सुटा बंद केला, तर बाहेरही तोच ठोकळा शंभरदा दिसेल. किल्ली न फोडताच यादीतली कुठली गावं एकच आहेत ते कळेल. म्हणून ठोकळे साखळीने जोडायची पद्धत आयबीएमने १९७६ मध्येच काढली. आताच्या जीसीएम पद्धतीत तर वाटेत एक बिट कुणी फिरवलं तरी पलीकडे तो मजकूर नाकारला जातो. अट एकच: प्रत्येक मजकुरासाठी सुरुवातीला एक आकडा घेतात, तो त्याच किल्लीसोबत दुसऱ्यांदा वापरायचा नाही.