किलोवॅट वेगळा, युनिट वेगळं

युनिट कुणाला शिकवायला नको. लाइट बिल आलं की घरात आधी तोच आकडा बघितला जातो. त्याचं शाळेतलं नाव किलोवॅट-तास. घोळ होतो तो त्यातल्या नुसत्या किलोवॅटपाशी.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये गच्चीवर सोलर बसवायचा विषय निघाला की कुणीतरी हमखास विचारतं, “३ किलोवॅटचं म्हणजे रोज ३ युनिट ना?” नाही हो! ३ किलोवॅट हा वीज तयार होण्याचा वेग, तोही कडक उन्हातला. दिवसभरात किती वीज जमा झाली ते युनिटमध्ये मोजायचं. आपल्याकडच्या चांगल्या उन्हात ती साधारण १२ युनिट भरते, आषाढात आभाळ भरून आलं की निम्म्यावरही येते. पॅनेलच्या पाटीवर मात्र तेव्हाही ३ किलोवॅटच.

विहिरीवर मोटर असलेल्याला हे लगेच कळतं. ५ एचपीची मोटर म्हणजे सुमारे पावणेचार किलोवॅट. तासभर चालली तर पावणेचार युनिट, आठ तास चालली तर ३०. एचपी मोटरवर लिहिलेला असतो. युनिट किती पडतील ते लाइट किती वेळ राहिली त्यावर.

आता माझं खरं दुखणं: ‘किलोवॅट प्रति तास’. शिकलेसवरलेले लोक हे बिनदिक्कत लिहितात. इथे भागाकार नाही, गुणाकार आहे. रोजगार हमीच्या कामावर १० मजूर ४ दिवस राबले तर आपण ४० मनुष्यदिवस म्हणतो. ‘मनुष्य प्रति दिवस’ कुणी म्हणतं का? मग किलोवॅट-तासाच्या मधे हा ‘प्रति’ कुठून घुसतो? सरळ युनिट म्हणावं. छोटा, रुळलेला शब्द आहे.

‘कोयना वर्षाला १९६० मेगावॅट वीज देते’ हे वाक्यही तसलंच. १९६० मेगावॅट ही कोयनेची क्षमता. सगळे संच पूर्ण जोरात तासभर चालले तर १९ लाख ६० हजार युनिट. पण वीज बनवायला पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला कृष्णा पाणीवाटप लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातली आहे. त्यामुळे संच मागणी वाढेल तेव्हा चालवायचे, बाकी वेळ पाणी राखायचं. वर्षाची वीज नुसत्या मेगावॅटवरून कशी सांगणार?

तुमच्याच बिलावर दोन्ही आकडे असतात. ‘मंजूर भार’ किलोवॅटमध्ये, वापर युनिटमध्ये. २ किलोवॅटचा गीझर आणि इस्त्री एकदम लावली तर भाराचा प्रश्न. गीझर अर्धा तास सुरू राहिला तर १ युनिट.

जूल, कॅलरी वगैरे नुसतं आकडे बदलणं. १ युनिट म्हणजे ३६ लाख जूल, किंवा सुमारे ८६० किलोकॅलरी. आहारातली ‘कॅलरी’ ही खरं तर किलोकॅलरी असते, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. म्हणजे दिवसभराचं २००० कॅलरींचं जेवण सव्वादोन युनिटांच्या थोडं वर जातं. तेवढ्यात तो गीझर जेमतेम ७० मिनिटं चालेल.