हिटलर नोटांच्या महागाईमुळे आला?

नाशिक रोडच्या नोट प्रेसचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं: ‘पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीने वाटेल तेवढ्या नोटा छापल्या, म्हणून हिटलर आला.’ तारखा जुळत नाहीत.

नोटांचा कहर १९२३ चा. नोव्हेंबरात एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागत; त्याच महिन्यात रेंटेनमार्क हे नवं चलन आलं आणि भाव सावरले. मे १९२८ च्या निवडणुकीत नाझींना, म्हणजे हिटलरच्या पक्षाला, मतं किती? २.६ टक्के.

घात केला मंदीने, आणि तेव्हा भाव उलट उतरत होते. १९२९ नंतर अमेरिकी कर्जं आटली. चॅन्सलर (सरकारप्रमुख) ब्र्यूनिंगने खर्चाला कात्री लावली, कर वाढवले. डिसेंबर १९३१ च्या वटहुकुमाने मजुरीचे दर थेट जानेवारी १९२७ च्या पातळीवर नेले. १९३२ च्या सुरुवातीला बेकार ६० लाखांवर. नाझींची मतं सप्टेंबर १९३० मध्ये १८.३ टक्के, जुलै १९३२ मध्ये ३७.३. गंमत म्हणजे बेकार कामगार जास्त करून कम्युनिस्टांकडे गेले. नाझींकडे वळले ते धास्तावलेले छोटे दुकानदार आणि शेतकरी.

संसद तोवर बाजूला पडलीच होती, कारभार राज्यघटनेच्या कलम ४८ खाली राष्ट्राध्यक्षांनी काढलेल्या वटहुकुमांवर चाले. नोव्हेंबर १९३२ मध्ये नाझींची मतं ३३.१ टक्क्यांवर घसरली, तरी ३० जानेवारी १९३३ रोजी राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी हिटलरला चॅन्सलर नेमलं.