म्हातारपण रंगवणारे आणि म्हातारे झालेले

मराठी रंगभूमीवर आणि पडद्यावर म्हाताऱ्या माणसांचा तुटवडा कधीच नव्हता. तुटवडा होता तो त्या भूमिकांमध्ये खरोखर वय झालेल्या नटांचा. ज्येष्ठ कलावंतांना काम मिळत नाही, ही तक्रार समजून घ्यायची तर वृद्धाची भूमिका आणि वृद्ध कलावंत या दोन गोष्टी आधी वेगळ्या कराव्या लागतात.

धी गोवा हिंदू असोसिएशनने 1970 साली 'नटसम्राट' रंगमंचावर आणलं, तेव्हा अप्पासाहेब बेलवलकर उभे करणारे डॉ. श्रीराम लागू 43 वर्षांचे होते. 1984च्या 'सारांश'मध्ये शिवाजी पार्कचे निवृत्त मुख्याध्यापक प्रधान झालेले अनुपम खेर 29चे. हिंदी पडद्यावर पांढऱ्या केसांचे पुरुष ज्यांनी वारंवार रंगवले, ते संजीवकुमार 1985 साली 47व्या वर्षी वारले. स्वतःचं म्हातारपण त्यांनी पाहिलंच नाही. ही कामं थोर आहेत, याबद्दल वाद नाही. पण त्यांच्यामुळे एक समज पक्का झाला, की म्हातारा हा वठवायचा असतो आणि त्यासाठी ताकदीचा, म्हणजे मधल्या वयाचा, नट हवा.

या समजामागे धंद्याचं गणित होतं. व्यावसायिक नाटक म्हणजे दौरा. रात्रभर बसचा प्रवास, दुपारी उतरून सेट लावणं, संध्याकाळी अडीच-तीन तासांचा प्रयोग आणि पुन्हा बस. रविवारी दोन प्रयोग. मुख्य नटासाठी बदली माणूस तयार ठेवण्याची सोय बहुतेक संस्थांना परवडत नाही, त्यामुळे तो आजारी पडला की तिकिटांचे पैसे परत. सत्तरीच्या नटावर नाटक तोलायला निर्माता कचरतो तो इथे.

मग तरुण चेहऱ्यावर वय चढवायचं. नटाला कपाळ आक्रसायला आणि हसायला सांगून मूळच्या घड्या कुठे पडतात ते आधी बघतात. त्या घडीत तपकिरी रेघ, तिला लागून उजळ रंगाची रेघ, आणि दोन्हींच्या कडा बोटाने विरवून वर पावडर. कानशिलं आणि भुवया पांढऱ्या करायच्या, क्रेपच्या केसांची मिशी स्पिरिट गमने चिकटवायची. बिघडतं ते ठरलेल्या जागी. रेघा विरवल्या नाहीत तर पुढच्या रांगेतून चेहऱ्यावर पट्टे दिसतात. घामाने मिशीची कड सुटते. सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे मान आणि हात तसेच राहतात. साठीच्या चेहऱ्याखाली तिशीचे पंजे एकदा दिसले की प्रेक्षकाची नजर तिथून हलत नाही. अभिनयातली चूकही अशीच: सतत थरथरणारा हात, सतत कापरा आवाज. खऱ्या वयाचा माणूस बसण्याआधी खुर्चीच्या हाताचा आधार शोधतो, मागे बघताना नुसती मान न वळवता खांद्यासकट वळतो, आणि लांब वाक्याच्या मध्ये श्वासाला थांबतो. ज्येष्ठ नटाला यातलं काहीच 'करावं' लागत नाही. कॅमेरा जवळ आला की हा फरक लपत नाही, म्हणून मेकअपचं म्हातारपण नाटकात निभावलं तितकं चित्रपटात निभावत नाही.

बायकांच्या बाबतीत हे आणखी लवकर घडलं, आणि जास्त निर्दयपणे. 1932 साली 'अयोध्येचा राजा'त तारामती झालेल्या दुर्गा खोटे पुढे 'मुघल-ए-आझम'मध्ये बादशहाच्या घरातल्या आई म्हणून लक्षात राहिल्या. ललिता पवार 1942 साली, वयाच्या 26व्या वर्षी, चित्रीकरणात बसलेल्या थपडेने चेहऱ्याला आणि डाव्या डोळ्याला कायमची इजा घेऊन घरी गेल्या. नायिकेचं काम तिथेच संपलं आणि उरलेलं बरंचसं आयुष्य खाष्ट सासवांच्या भूमिकांमध्ये गेलं. 1959च्या 'सुजाता'त सुलोचनाबाई नूतन यांना मुलीप्रमाणे वाढवणारी आई झाल्या. दोघींच्या वयात जेमतेम 8 वर्षांचं अंतर होतं. तिशीतली बाई आई आणि चाळिशीतली आजी ठरली, की साठीच्या अभिनेत्रीसाठी कागदावर काही उरत नाही.

ही चौकट अधूनमधून मोडली गेली. 'उत्तरायण' चित्रपटात शिवाजी साटम आणि नीना कुळकर्णी यांची उतारवयातली सोबत, 'अस्तु' चित्रपटात मोहन आगाशे यांनी केलेला स्मृती हरवत चाललेला पंडित, 2019च्या 'अग्गंबाई सासूबाई' मालिकेत सुनेने सासूचं लावून दिलेलं लग्न. एरवी मालिकेतले आजी-आजोबा सोफ्यावर बसलेल्या घोळक्यात असतात. संवाद दोन, प्रतिक्रियेचे शॉट दहा. मानधन दिवसाच्या हिशेबाने आणि हातात अनेकदा 90 दिवसांनी. म्हणजे महिन्याला चार दिवस काम असलेल्या माणसाचे एक-दोन दिवस कापले, तरी औषधांचा खर्च अडतो.

किती अडतो ते 2020 साली दिसलं. टाळेबंदीनंतर चित्रीकरण पुन्हा सुरू करण्याची परवानगी देताना राज्य सरकारने मे अखेरीच्या आदेशात 65 वर्षांवरील कलाकार आणि तंत्रज्ञांना सेटवर मनाई केली. हेतू काळजीचा होता. पण दुकान उघडायला 65 वर्षांवरच्या माणसाला बंदी नव्हती, फक्त सेटवर होती. चाळीस वर्षं छोट्या भूमिका करून पोट भरणाऱ्या एका 70 वर्षांच्या अभिनेत्याने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली आणि 7 ऑगस्ट 2020 रोजी न्यायालयाने ही अट भेदभाव करणारी ठरवून रद्द केली. बंदी थोडक्या आठवड्यांची होती. तेवढ्यात काही आजोबा-आजी कथेत गावाला पाठवले गेले होते, आणि पटकथेतून एकदा गावाला गेलेलं पात्र परत येण्याची खात्री नसते.

ज्यांना पडदाच मिळाला नाही अशा तमाशा, दशावतार, शाहिरीतल्या मंडळींसाठी राज्याची मानधन योजना 1954-55पासून आहे. वय 50च्या वर, कलेची किमान 15 वर्षांची सेवा आणि तुटपुंज्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा. पूर्वी अ, ब, क अशी प्रतवारी करून 3150, 2700 आणि 2250 रुपये मिळत, 2024पासून सरसकट दरमहा 5000. रक्कम वाढली हे चांगलंच झालं. अर्ज अडतो तो सेवेच्या पुराव्यावर. शहरातल्या नटाकडे जाहिराती, कात्रणं, प्रमाणपत्रं असतात. राहुटीत जन्म काढलेल्या सोंगाड्याकडे किंवा नाचणारीकडे फडाच्या मालकाचा शब्द असतो, आणि तो मालक बहुतेक वेळा वारलेला असतो. जत्रांच्या जुन्या सुपाऱ्यांच्या चिठ्ठ्या, गावच्या यात्रा समितीचं पत्र, नावासह छापलेलं एखादं भित्तिपत्रक हे जपून ठेवलेलं असेल तर काम होतं. मंजुरीनंतरही दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो चुकला की मानधन थांबतं.