निवेदन, शास्त्रीय संगीताचे (नभोवाणीवरील)

नभोवाणीवर रागसंगीत सादर होण्याआधी आणि झाल्यावर निवेदक जे बोलतो तो मजकूर, आणि तो बोलण्याची रीत. कलावंताचे नाव, राग, ताल व साथीदार हा त्याचा गाभा. त्यापलीकडे घराणे, गुरू, रागाची ओळख, बंदिशीचे शब्द किंवा श्रोत्यांशी गप्पा असा मजकूर वाढत जातो. तो किती वाढू द्यावा हा या क्षेत्रातला जुना वाद आहे. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः आकाशवाणीवरील हिंदुस्थानी संगीताच्या निवेदनाचा विचार केला आहे.

आकाशवाणीच्या हिंदी कारभारात ‘उद्घोषक’ व ‘उद्घोषणा’ हे शब्द रूढ आहेत, बोलण्यात ‘अनाउन्सर’. मराठीने मात्र ‘निवेदक’ आणि ‘निवेदन’ पसंत केले. घोषणेत आवाज चढवणे येते, तर निवेदनात नम्रपणे पुढे ठेवणे. ‘नैवेद्य’ हा शब्दही याच मुळातून आलेला आहे. मराठी केंद्रांवरच्या संगीत-निवेदनाचा खालचा, आर्जवी स्वर या शब्दाला शोभणारा आहे. ‘नभोवाणी’ या शब्दाचे श्रेय सहसा वि. दा. सावरकरांना दिले जाते. ‘आकाशवाणी’ हे नाव म्हैसूरच्या केंद्राने १९३५ च्या सुमारास घेतले होते. राष्ट्रीय प्रसारणाला ते पुढे १९५६–५७ च्या सुमारास मिळाले.

निवेदनाचा ठरलेला साचा कोठून आला याविषयी एकवाक्यता नाही. खाजगी मैफलीत रागाचे नाव सांगण्याची रीत नव्हती. गवई षड्ज (सा) लावून बसे, पहिल्या आलापीतच जाणकाराने राग ओळखावा आणि मान डोलवावी, हा त्या बैठकीचा अलिखित करार होता. तेव्हा नभोवाणीने हा करार मोडला तो कोणाच्या आधाराने, असा प्रश्न पडतो.

याचे उत्तर पुष्कळदा ग्रामोफोनकडे बोट दाखवून दिले जाते. १९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचे ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्त्यात ध्वनिमुद्रणे केली. त्यांत गौहर जान यांचे गाणे आहे आणि गाणे संपताच ‘माय नेम इज गौहर जान’ असे त्यांचे स्वतःचे शब्द ऐकू येतात. तबकड्या जर्मनीत हॅनोवर येथे तयार होत. तेथील कारागिरांना गायिका ओळखता यावी म्हणून नाव उच्चारून घेत, असे कारण सांगितले जाते. ते पटण्यासारखे असले, तरी गौहर जान यांच्या आवाजातला तोरा ऐकला की केवळ कारागिरांच्या सोयीसाठी हे उद्गार निघाले असतील असे वाटत नाही. त्या काळच्या इतरही गायिकांच्या तबकड्यांच्या शेवटी नाव येते. छापील लेबलावर भरवसा वाटू लागल्यावर, बहुधा नभोवाणी येण्यापूर्वीच, ही प्रथा मागे पडली.

या तबकड्यांतच नभोवाणी-निवेदनाचे मूळ आहे असे मानण्यात मात्र अडचण आहे. तबकडीवरचे नाव शेवटी येते, गाणारीच ते सांगते आणि त्यात राग-तालाचा उल्लेख क्वचितच असतो. नभोवाणीवर सांगणारा वेगळा, तो आधी बोलतो आणि राग-ताल हाच त्याच्या बोलण्याचा कणा असतो. दोन्हींत साम्य आहे ते नावापुरतेच.

दुसरे मूळ संगीतसुधारणेच्या चळवळीत दाखवता येते. विष्णु दिगंबर पलुसकर यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि तिकीट लावून जाहीर जलसे केले. विष्णु नारायण भातखंडे यांनी दहा थाटांत (मूळ स्वरसमूहांत) रागांची मांडणी केली, आणि १९१६ मध्ये बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद त्यांच्याच पुढाकाराने भरली. रागाला निश्चित नाव, निश्चित लक्षणे आणि निश्चित वेळ आहे, आणि ती अनोळखी श्रोत्यापुढे मांडता येते, ही धारणा याच काळात मध्यमवर्गात रुजली. ही धारणा नसती तर माइकवरून ‘राग मुलतानी’ असे सांगण्याला काही अर्थ उरला नसता.

तिसरे मूळ अधिक साधे आणि आमच्या मते सर्वांत जवळचे आहे. ते म्हणजे छापील कार्यक्रमपत्रिका. मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीने सुरू केले. ती कंपनी १९३० मध्ये बुडाली, प्रसारण सरकारकडे गेले आणि १९३६ मध्ये ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव आले. ‘द इंडियन लिसनर’ हे पाक्षिक १९३५ च्या अखेरीस या नावाने निघू लागले. त्यात कोण, किती वाजता, कोणता राग गाणार हे आधीच छापलेले असे. निवेदक तेच वाचून दाखवत असे. कलावंताने आयत्या वेळी राग बदलला, तर छापलेला राग खोडून नवा सांगणे हेच त्याचे काम. नाव, राग, वेळ या कोरड्या क्रमातला पत्रिकेचा वास आजही गेलेला नाही.

भारतातील प्रसारणाचे पहिले नियंत्रक लायोनेल फील्डन १९३५ मध्ये बीबीसीतून आले. निवेदकाने स्वतःला पुढे करू नये, आवाज संयत ठेवावा, ही बीबीसीची शिस्त त्यांच्यामागोमाग आली असे मानले जाते.

प्रत्यक्ष निवेदन कसे असते ते जवळून पाहण्यासारखे आहे. दुपारच्या सभेची वेळ. (आकाशवाणीत दिवसाच्या प्रसारणखंडाला ‘सभा’ म्हणतात.) स्टुडिओत तानपुरे आधीच लागलेले आहेत, तबला टिपेला जुळवलेला आहे, काचेपलीकडे निवेदिकेसमोर क्यू शीट (कार्यक्रमाच्या क्रमाचा कागद) आहे. लाल दिवा लागतो. तानपुऱ्याचा झंकार हलकेच वर येतो आणि त्यावर शब्द ठेवले जातात : गायिकेचे नाव, ‘राग भीमपलासी, विलंबित एकताल आणि द्रुत त्रिताल’, मग तबलासाथ आणि संवादिनीची (हार्मोनियमची) साथ कोणाची, ते. वीस-पंचवीस सेकंदांचा मामला. शेवटच्या नावानंतर निवेदिका लगेच माइक बंद करत नाही. श्वासभर तानपुराच वाजू देते, मग फेडर (आवाज कमी-जास्त करण्याची कळ) सोडते. हा क्षण नवशिक्याला साधत नाही. तो शेवटच्या शब्दाला घाईने टाचतो आणि गायिकेचा पहिला षड्ज त्याच्या आवाजाच्या शेपटीवर पडतो. अनुभवी निवेदक तर आपला बोलण्याचा स्वरही तानपुऱ्याला बोचणार नाही इतका खाली आणतात.

शेवटाकडे अडचण वेगळी असते. बातम्यांची वेळ पाळावीच लागते आणि द्रुत ख्याल ऐन रंगात असतो. थेट प्रसारणाच्या काळात गायक भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून तिहाई (शेवट करण्यासाठी तीनदा घेतलेला तुकडा) घेत. अनेक बुजुर्गांच्या गाण्याला अर्ध्या तासात राग बांधण्याची जी शिस्त आली, ती या घड्याळाने घडवली. ध्वनिमुद्रणाच्या जमान्यात तान अर्ध्यावर असताना आवाज उतरवावा लागतो आणि मग ‘वेळेअभावी’ हा शब्द येतो. रसिकांची सर्वांत जास्त नाराजी ओढवून घेणारा शब्द हाच असेल.

उच्चारांचा प्रश्नही किरकोळ नाही. हिंदी निवेदनात ‘तीनताल’ येतो, मराठीत ‘त्रिताल’. हिंदीत ‘मालकौंस’, मराठीत ‘मालकंस’. तिकडे ‘ललित’, इकडे गवयांच्या तोंडी ‘ललत’. यांत चूक कोणतीच नाही. पण बिहाग आणि बिहागडा, जोग आणि जोगिया, पूर्वी, पूरिया आणि पूरिया धनाश्री यांत घोटाळा झाला तर श्रोत्याच्या मनात चुकीचा राग बसतो. जयपूर-अत्रौली घराण्याचे खोकर, रायसा कानडा, बसंती केदार असे अनवट राग लागले की निवेदन हीच शिकवणी होते. असे नाव कानी पडताच वहीत टिपून ठेवणारे श्रोते महाराष्ट्रात गावोगावी होते. मास्तर, पोस्टातले कारकून, दुकानदार यांचे रागज्ञान पुष्कळसे याच वाटेने आले. मैफलीतला जुना करार मोडला खरा, पण ज्यांना मैफलीत कधीच प्रवेश नव्हता त्यांच्यासाठी दार उघडले ते ‘राग अमुक’ या दोन शब्दांनीच.

निवेदनातल्या एका ओळीचा इतिहास वेगळा आहे. मार्च १९४० पासून हार्मोनियमला नभोवाणीवर बंदी होती. या वाद्याचे पक्के स्वर श्रुतींना (स्वरांमधल्या सूक्ष्म अंतरांना) मारक आहेत, हा आक्षेप. दिल्ली केंद्रावरील पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख जॉन फोल्ड्स हे त्याचे एक पुरस्कर्ते. हार्मोनियमविषयीच्या १९७० च्या परिसंवादानंतर बंदी टप्प्याटप्प्याने सैल झाली. मात्र एकल वादनावरचा निर्बंध पुढेही बराच काळ टिकला. तीन दशके निवेदक साथीदारांमध्ये तबला आणि सारंगी एवढेच सांगत. ज्या मराठी मुलखात नाट्यसंगीतामुळे पेटी घरोघरी होती, तेथे हे मौन फार जाणवले असणार.

नावांपुढील उपपदांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. स्वातंत्र्याच्या आगेमागे तवायफ परंपरेतील गायिकांवर नभोवाणीत निर्बंध आले. खाजगी आयुष्य ‘प्रतिष्ठित’ नसलेल्या स्त्रियांना माइक नाकारावा, असे धोरण ठरले. उत्तरेत तवायफांच्या नावाला जोडले जाणारे ‘बाई’ जाऊन ‘देवी’ आणि ‘श्रीमती’ आले. अलाहाबाद केंद्रात लावलेल्या गायिकांच्या तसबिरी पाहून रसूलन बाई म्हणाल्या की साऱ्या देवी झाल्या, बाई मी एकटीच उरले, अशी आठवण सांगतात. मराठीत असे झाले नाही. हिराबाई बडोदेकर, केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर ही नावे तशीच राहिली, कारण मराठीत ‘बाई’ हा रोजचा आदराचा शब्द आहे. शाळेतल्या शिक्षिकेला मुले ‘बाई’ म्हणतात. गोव्याच्या कलावंत समाजातून आलेल्या गायिकांनाही त्यामुळे निवेदनात आपले मूळ नाव टाकावे लागले नाही. याकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. पुरुष गायकांच्या बाबतीत ‘बुवा’ असाच टिकला. ‘पंडित’ व ‘उस्ताद’ यांचा सर्रास वापर तुलनेने अलीकडचा असावा. कलावंताची आकाशवाणीतली श्रेणी (ए-टॉप, ए, बी-हाय, बी) निवेदनात सांगत नाहीत.

बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ ते १९६२ या काळात माहिती व नभोवाणी मंत्री होते. त्यांच्या कारकिर्दीत रागसंगीताला मोठी जागा मिळाली, चित्रपटगीतांना मात्र कात्री लागली. संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम २० जुलै १९५२ रोजी सुरू झाला, तर रेडिओ संगीत संमेलन १९५४ च्या सुमारास. शनिवारी रात्रीच्या या अखिल भारतीय कार्यक्रमात निवेदन लांबले. कलावंताचे घराणे, गुरुपरंपरा, मानसन्मान हे सारे आधी हिंदीत आणि मग इंग्रजीत येई. देशभरच्या श्रोत्यांसाठी ते आवश्यकच होते. तरी दोन भाषांतला तोच मजकूर संपेपर्यंत तानपुरा ताटकळल्यासारखा वाटे.

गप्पांची शैली १९५२ मध्येच दुसऱ्या दिशेने आली. रेडिओ सिलोनवर त्या वर्षीच्या डिसेंबरात अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. थेट श्रोत्याला हाक मारणारा, हसणारा, उत्सुकता ताणणारा तो आवाज चित्रपटगीतांसाठी होता. रागसंगीताने तो घेतला नाही, आणि आमच्या मते योग्य केले. तीन मिनिटांच्या गीताला असा उंबरठा हवा असतो; तासाभराचा ख्याल स्वतःच हळूहळू दार उघडतो. मधला मार्ग विविध भारतीच्या ‘संगीत सरिता’ने काढला. सकाळच्या या छोट्या कार्यक्रमात जाणकार गप्पा मारल्यासारखे बोलत एक राग उलगडतात आणि त्यावर आधारित चित्रपटगीत ऐकवतात. येथे बोलणे हाच कार्यक्रम असल्याने ते गाण्याच्या आड येत नाही.

पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या वाहिन्यांवर हा वाद अधिक उघडपणे झाला. बीबीसीचा थर्ड प्रोग्राम २९ सप्टेंबर १९४६ रोजी सुरू झाला व १९६७ मध्ये रेडिओ ३ ने त्याची जागा घेतली. तेथील निवेदन गंभीर व मितभाषी. सप्टेंबर १९९२ मध्ये क्लासिक एफएम ही व्यापारी वाहिनी आली. तिने रचनांचे सुटे भाग, जाहिराती आणि मनमोकळ्या गप्पा यांवर भर दिला, आणि रेडिओ ३ तिची नक्कल करत असल्याची तक्रार जुने श्रोते करू लागले. अमेरिकेत मिल्टन क्रॉस यांनी १९३१ पासून १९७५ मध्ये मृत्यू होईपर्यंत मेट्रोपोलिटन ऑपेराच्या प्रसारणांचे निवेदन केले. रंगमंचावरचा पडदा, पोशाख, कथानक हे सारे ते शब्दांत उभे करत. ऑपेरात दिसण्याला महत्त्व असल्याने तेथे हा विस्तार गरजेचाच होता.

भारतात खाजगी एफएम वाहिन्यांनी रागसंगीत जवळजवळ घेतलेच नाही. वर्ल्डस्पेस या उपग्रह सेवेवर ‘गंधर्व’ ही हिंदुस्थानी संगीताची वाहिनी होती; ती सेवा भारतात २००९ च्या अखेरीस बंद पडली. आकाशवाणीची ‘रागम्’ ही चोवीस तासांची वाहिनी २६ जानेवारी २०१६ पासून बंगळूरहून चालते. हिंदुस्थानी आणि कर्नाटक अशा दोन्ही पद्धती तिच्यावर असल्याने राग व ताल यांची नावे दोन परंपरांत नीट उच्चारण्याचे नवे काम निवेदकांवर येऊन पडले आहे.

निवेदनाचा एक उपयोग त्याच्या कर्त्यांच्या मनातही नसेल. अनेक रसिकांनी घरच्या रेकॉर्डरवर नभोवाणीचे गाणे उतरवून घेतले. त्या फिती आता हातोहात फिरतात. फितीची जागा वाचवायला ज्यांनी सुरुवातीचे बोलणे कापले, त्यांच्याकडे गाणे तेवढे उरले. ज्यांनी ते राहू दिले, त्यांच्या फितीवर त्या रात्री सारंगीला कोण बसले होते हे तानपुऱ्याच्या झंकारात, अनोळखी निवेदिकेच्या आवाजात, आजही स्पष्ट ऐकू येते.