ग्रेनेडातील वैद्यकीय शिक्षण (परदेशी विद्यार्थ्यांचे)

ग्रेनेडा या 344 चौ. किमी. क्षेत्रफळाच्या कॅरिबियन बेटराष्ट्रात प्रामुख्याने अमेरिकी विद्यार्थ्यांसाठी उभी राहिलेली वैद्यकीय शिक्षणाची व्यवस्था. सेंट जॉर्जेस विद्यापीठ हे खाजगी विद्यापीठ तिचे केंद्र होय. देश 1974 मध्ये स्वतंत्र झाला, 1976 मध्ये तेथील संसदेच्या कायद्याने विद्यापीठाला सनद मिळाली आणि जानेवारी 1977 मध्ये पहिला वर्ग भरला. संस्थापकांपैकी चार्ल्स मोडिका पुढे दीर्घकाळ कुलपती होते. मुख्य परिसर बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला ट्रू ब्लू येथे आहे. तेथील जुन्या मळ्यात होणाऱ्या निळीच्या लागवडीवरून हे नाव पडले, असे सांगितले जाते.

अशा ‘ऑफशोअर’ वैद्यकीय शिक्षणाचा उगम कोठे मानावा, याविषयी दोन मते आहेत. अमेरिकेत प्रवेश न मिळालेले विद्यार्थी त्याआधीच मेक्सिकोतील ग्वादलाहारा येथे जात असत. म्हणून काही जण तेथून सुरुवात धरतात. परंतु ग्वादलाहाराचे विद्यापीठ मुळात मेक्सिकोचे होते आणि परदेशी विद्यार्थी त्याला नंतर मिळाले. परदेशी विद्यार्थ्यांसाठीच संस्था काढायची, तिला छोट्या देशाची सनद घ्यायची आणि रुग्णालयीन शिक्षण तिसरीकडे द्यायचे, ही रचना ग्रेनेडात प्रथम स्थिरावली असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. डॉमिनिका व माँटसेरात येथे 1978 मध्ये निघालेल्या संस्थांनी हाच मार्ग धरला. वेस्ट इंडीज विद्यापीठाची परंपरा याहून वेगळी आहे. जमैकातील मोना येथे 1948 मध्ये 33 वैद्यकीय विद्यार्थ्यांनिशी सुरू झालेली ती संस्था प्रदेशातल्याच मुलांसाठी होती.

विद्यार्थी आणि 1983 चे आक्रमण : ग्रेनेडाचे नाव जगभर झाले ते या विद्यार्थ्यांमुळे. मार्च 1979 च्या क्रांतीनंतर सत्तेवर आलेले पंतप्रधान मॉरिस बिशप यांची 19 ऑक्टोबर 1983 रोजी पक्षांतर्गत संघर्षात हत्या झाली. लष्करी मंडळाने चोवीस तासांची संचारबंदी पुकारली आणि ती मोडणाऱ्यास दिसताक्षणी गोळी घालण्याचा हुकूम काढला. 25 ऑक्टोबरला अमेरिकी फौजा उतरल्या. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी दिलेल्या कारणांत विद्यापीठातील सुमारे 600 अमेरिकी विद्यार्थ्यांची सुरक्षितता ठळक होती; चार वर्षांपूर्वी इराणमधील तेहरान येथे अमेरिकी दूतावासातील लोकांना ओलीस धरल्याचे प्रकरण अमेरिकेत तेव्हा ताजे होते.

विद्यार्थी खरोखर धोक्यात होते काय, हा प्रश्न अजून निकालात निघालेला नाही. धोका होता असे म्हणणारे संचारबंदीकडे आणि अमेरिकेतील चार्ल्‌स्टन येथे विमानातून उतरताच जमिनीचे चुंबन घेणाऱ्या विद्यार्थ्यांकडे बोट दाखवतात. दुसरा पक्ष सांगतो, की आक्रमणाच्या आदल्या दिवशी काही विमाने बेटावरून बाहेर सुटली होती, म्हणजे बाहेर पडण्याची वाट बंद नव्हती, आणि मोडिका यांनीही प्रथम कारवाईच्या गरजेविषयी शंका घेतली होती. अमेरिकी अधिकाऱ्यांनी माहिती दिल्यावर त्यांनी मत बदलले. खुद्द मोहिमेचा तपशील या वादात बरेच काही सांगून जातो. ट्रू ब्लूला पोहोचलेल्या सैनिकांना तेथे गेल्यावर कळले, की बहुतेक विद्यार्थी ग्राँ आन्स येथील दुसऱ्या परिसरात आहेत. त्यांना 26 तारखेला हेलिकॉप्टरने हलवले गेले. लान्स ओ एपीन भागात राहणाऱ्या सुमारे दोनशे जणांपर्यंत फौजा पोहोचल्या त्या 28 तारखेला. या तीन दिवसांत कोणालाही ओलीस धरले गेले नाही. भीती खरी होती, पण ओलीस ठेवण्याचा बेत असल्याचा पुरावा दुबळा आहे, असे म्हणता येईल. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 2 नोव्हेंबरला 108 विरुद्ध 9 मतांनी या कारवाईबद्दल खेद व्यक्त केला. त्याच महिन्यात नवी दिल्लीत भरलेल्या राष्ट्रकुल परिषदेतही हा विषय निघाला. राष्ट्रप्रमुखांचा अनौपचारिक मुक्काम गोव्यात होता. तेथून निघालेला ‘गोवा जाहीरनामा’ मात्र महासत्तांमधील तणाव व आंतरराष्ट्रीय सुरक्षेविषयी होता.

अभ्यासक्रम व रुग्णालयीन प्रशिक्षण : चार वर्षांच्या एम. डी. अभ्यासक्रमाची पहिली दोन वर्षे, म्हणजे शरीररचना, शरीरक्रिया, विकृतिविज्ञान इ. मूलभूत विषय, बेटावर होतात. येथील एम. डी. ही पहिली वैद्यकीय पदवी आहे, भारतातल्यासारखी पदव्युत्तर नव्हे. पुढील 80 आठवड्यांचे रुग्णालयीन प्रशिक्षण मुख्यतः अमेरिका व ब्रिटनमधील रुग्णालयांत होते. त्यांपैकी 42 आठवडे सक्तीच्या मुख्य विषयांचे : वैद्यकशास्त्र 12, शल्यचिकित्सा 12 आणि स्त्रीरोग-प्रसूती, बालरोग व मानसोपचार प्रत्येकी 6.

मराठीत याला सर्रास ‘इंटर्नशिप’ म्हटले जाते. ते बरोबर नाही. आपल्याकडील आंतरवासिता अंतिम परीक्षेनंतर वर्षभराची असते. हे प्रशिक्षण (क्लार्कशिप) अभ्यासक्रमाचाच भाग असून विद्यार्थी वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम करतो. अमेरिकेत स्वतंत्र जबाबदारीकडे नेणारी पायरी म्हणजे पदवीनंतरचे रुग्णालयातील प्रशिक्षण (रेसिडेन्सी), आणि तिच्यासाठी परदेशी पदवीधराला परीक्षा व प्रमाणपत्राची वेगळी वाट चालावी लागते.

रुग्णालयातील जागा हा या व्यवस्थेचा नाजूक भाग. लहान बेटावर रुग्णसंख्या पुरत नाही, म्हणून जागा बाहेरून विकत घ्याव्या लागतात. न्यूयॉर्क शहराच्या सार्वजनिक रुग्णालयांशी विद्यापीठाने केलेला दहा वर्षांचा सुमारे 10 कोटी डॉलरचा करार 2008 मध्ये गाजला. आमच्या विद्यार्थ्यांच्या जागा जातील, अशी स्थानिक महाविद्यालयांची तक्रार होती. पैशाची चणचण असलेल्या रुग्णालयांना मात्र हा आधार होता. न्यूयॉर्क राज्यात 12 आठवड्यांहून अधिक प्रशिक्षणासाठी परदेशी संस्थेला राज्याच्या शिक्षण विभागाची मान्यता लागते. अशा देखरेखीला पूर्वेतिहास आहे : डॉमिनिकन प्रजासत्ताकातील दोन संस्था बनावट पदव्यांच्या प्रकरणात 1984 मध्ये बंद झाल्या. प्रादेशिक मूल्यांकनासाठी कॅरिबियन देशांनी पुढे स्वतःचे अधिस्वीकृती मंडळ स्थापले.

वादळे हीदेखील या शिक्षणाची एक अट म्हणावी लागेल. सप्टेंबर 2004 मधील ‘आयव्हन’ने ग्रेनेडातील बहुसंख्य घरांची पडझड केली, आणि विद्यार्थ्यांना काही काळ अमेरिकेत हलवून वर्ग चालवावे लागले. डॉमिनिकातील संस्था तर 2017 च्या ‘मारिया’ वादळानंतर बार्बाडोसला गेली ती कायमचीच.

भारतीय विद्यार्थी : भारतात परतून व्यवसाय करू इच्छिणाऱ्यांना राष्ट्रीय वैद्यक आयोगाचे नोव्हेंबर 2021 चे विनियम लागू होतात. किमान 54 महिन्यांचा अभ्यासक्रम आणि 12 महिन्यांची आंतरवासिता एकाच परदेशी संस्थेत व्हावी, प्रशिक्षणाचा कोणताही भाग पदवी देणाऱ्या देशाबाहेर होऊ नये, अशी त्यांची अट आहे. शिवाय भारतात आणखी 12 महिन्यांची आंतरवासिता आहेच. बेटावर वर्ग आणि परदेशी रुग्णालयात प्रशिक्षण ही ग्रेनेडाची मूळ रचना या अटीत सहज बसत नाही. म्हणून हा मार्ग मुख्यतः अमेरिकेत स्थायिक होऊ पाहणाऱ्यांचा ठरतो.

इतर शिक्षण व संशोधन : वैद्यकाव्यतिरिक्त विद्यापीठात 1999 पासून पशुवैद्यक शाखा आहे. सार्वजनिक आरोग्य व पर्यावरणविषयक संशोधनासाठी 1994 मध्ये विंडवर्ड बेटांच्या नावाने एक प्रतिष्ठान स्थापन झाले. ईशान्येकडील लेव्हेरा किनाऱ्यावर लेदरबॅक कासवांच्या विणीच्या हंगामात परदेशी विद्यार्थी स्वयंसेवक म्हणून काम करतात.